कोकमाच्या ड्रायरचा सामाईक आराखडा : प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी २०२४

वेंगुर्ले तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका वाडीत आज पहिली बैठक झाली. बचत गटाच्या चौदा महिला, आमच्या तंत्रनिकेतनातील तिसऱ्या वर्षाचे सहा विद्यार्थी, शेजारच्या गावातील एक वेल्डर आणि मी, असे सगळे गटाच्या अध्यक्षांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसलो होतो. कोकमाची सोले वाळवण्यासाठी सौर ड्रायरचा आराखडा सर्वांनी मिळून करायचा आणि मे महिन्याच्या सुरुवातीला तो उभा करायचा, असे काम ठरले. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिलपासून पिकू लागतात, पण पिकाचा मोठा भाग मे अखेरीस आणि जूनमध्ये हाती येतो, आणि तेव्हा आभाळ भरून आलेले असते. शिवाय सोल म्हणजे नुसती वाळवलेली साल नव्हे. फळ फोडून गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, त्यांत मीठ घालायचे, सुटलेल्या रसात साली बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा रसाचे पूट द्यायचे आणि पुन्हा वाळवायच्या, असे पाच-सहा दिवस चालते. मधल्या एका दिवशी पावसाची सर आली तर सगळी खेप बुरशीला जाते.

ही वही ड्रायरच्या बांधकामाची नाही. बांधकामाचा हिशेब विद्यार्थी वेगळा ठेवतील. वेगवेगळे शिक्षण झालेली आणि वेगळ्या बोलीत विचार करणारी माणसे संगणकाच्या आधाराने एकच वस्तू आखू लागतात, तेव्हा कोण काय शिकते आणि कोणाचे म्हणणे कुठे हरवते, ते येथे टिपायचे आहे. बाहेरून तयार आणलेली यंत्रे दोन हंगामांनंतर पडवीच्या कोपऱ्यात पडून राहिलेली मी पाहिली आहेत. प्रत्येक वेळी यंत्र चांगले होते आणि ते वापरणाऱ्या बाईला एकदाही काही विचारलेले नव्हते.

बैठकीत मी काही मांडले नाही. सर्वांची परवानगी घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि पुढेही करत राहण्याचे ठरले.

२१ फेब्रुवारी २०२४

साधने निवडण्यात पूर्ण दिवस गेला. वाडी घाटीच्या पोटात असल्यामुळे मोबाइलची रेंज खळ्याच्या एका कोपऱ्यातच मिळते, म्हणून इंटरनेटवर अवलंबून असलेली साधने प्रथमच बाजूला ठेवली. तळहाताएवढा एक संगणक, एक वायफाय राउटर आणि वीज गेल्यावर दोन-तीन तास पुरेल अशी बॅटरी एवढ्यावर सगळे चालवायचे आहे. फोन त्या वायफायला जोडला की सामाईक पान उघडेल, इंटरनेट असो वा नसो.

लिखाणासाठी ईथरपॅड निवडले. त्यात एकाच पानावर अनेकांना एकाच वेळी लिहिता येते, प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या रंगात दिसतो आणि पान सुरुवातीपासून कसे वाढत गेले ते मागे सरकवून पाहता येते. विद्यार्थ्यांना मी विचारले की, दोघांनी एकाच क्षणी एकाच ओळीत बदल केला तर संगणक काय करतो. ‘शेवटी लिहिणाऱ्याचे टिकते’ असे उत्तर आले. तसे असते तर पहिल्याचे लिखाण पुसले गेले असते. समजा ‘ट्रे रुंद हवा’ असे लिहिलेले आहे. एकीने सुरुवातीला ‘वरचा’ हा शब्द घातला आणि त्याच क्षणी दुसऱ्याने ‘रुंद’च्या जागी ‘अरुंद’ केले. दुसऱ्याच्या दृष्टीने बदल ओळीतल्या दुसऱ्या शब्दापाशी आहे, पण पहिलीच्या शब्दामुळे ती जागा पुढे सरकलेली असते. म्हणून प्रत्येक बदल लावण्याआधी, दरम्यान झालेल्या इतर बदलांप्रमाणे त्याची जागा पुन्हा मोजावी लागते. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स यांनी १९८९ मध्ये ही पद्धत मांडली, आणि आज एकत्र लिहिण्याच्या कितीतरी साधनांच्या मुळाशी तीच आहे. मुलांनी हे कागदाच्या दोन पट्ट्यांवर करून पाहिले आणि मग त्यांना ते नीट पटले.

आराखड्यासाठी मात्र वाद झाला. मुलांना सवयीचे त्रिमितीय साधन हवे होते, ज्यात माउसने ओढून आकार घडवता येतो. माझे म्हणणे ओपनएसकॅडचे होते. त्यात वस्तू लिहून घडवायची असते : ट्रेची लांबी इतकी, जाडी इतकी, थर इतके. आराखडा साध्या मजकुरात असल्यामुळे गिटसारख्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात कालच्या आणि आजच्या आराखड्यातील फरक ओळीगणिक दिसतो. माउसने घडवलेल्या आराखड्याच्या फाइलींत फरक असा वाचता येत नाही, फक्त ‘फाइल बदलली’ एवढे कळते. दुसरी सोय मला अधिक मोलाची वाटली. चलाच्या, म्हणजे बदलता येणाऱ्या मापाच्या, आधीच्या ओळीत लिहिलेली टिप्पणी बाजूच्या फलकावर त्या मापाचे वर्णन म्हणून दिसते, आणि तेथून आकडा बदलला की चित्र बदलते. चलाचे नाव रोमन अक्षरांतच ठेवावे लागते, पण वर्णन देवनागरीत लिहिता येते. म्हणजे गटातील कोणीही ‘खालच्या ट्रेची जमिनीपासून उंची’ हे वाचून आकडा वर-खाली करू शकेल आणि त्याचा परिणाम लगेच पाहील. वाद यावर मिटला.

‘संगणकाच्या आधाराने सहकार्य’ या अर्थाचे इंग्रजी नाव आयरीन ग्रीफ आणि पॉल कॅशमन यांनी १९८४ मध्ये वापरात आणले. त्याच्याही १६ वर्षे आधी, ९ डिसेंबर १९६८ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी दूरच्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावरचा मजकूर हाताळून दाखवला होता. त्या प्रात्यक्षिकाची आठवण बहुधा माउससाठी काढली जाते. एंगलबार्ट यांना मात्र गुंतागुंतीचे प्रश्न माणसांनी एकत्रितपणे सोडवण्याची क्षमता वाढवायची होती, आणि हे मी मुलांना मुद्दाम सांगितले.

२ मार्च २०२४

पहिले सामाईक सत्र झाले. खळ्यातल्या भिंतीवर पांढरी चादर लावून प्रोजेक्टरने आराखडा दाखवला. मुलांनी दोन मीटर लांबीचा सांगाडा, वर २०० मायक्रॉनचे उन्हाला टिकणारे प्लास्टिक, आत चार थरांत ट्रे आणि मागे धुराड्यासारखी नळी असा आराखडा मन लावून केला होता. तो फिरवून सर्व बाजूंनी दाखवला. बायका शांतपणे पाहत राहिल्या. ‘काही सुचवायचे आहे का?’ असे मुलांनी तीनदा विचारले. काहीच नाही.

मग गटातील सर्वांत वयस्क आजींनी विचारले, “ह्या चित्रात वारो खंयसून येता?”

चित्रात दिशा नव्हती. पडद्यावरचा ड्रायर कुठेही उभा नव्हता, त्याला ना खळे होते, ना माड, ना समुद्र. हवा आत येण्याची फट मुलांनी पश्चिमेला गृहीत धरली होती, कारण दुपारी तिकडून जोराचा वारा मिळतो. आजींच्या मते तोच वारा नको होता. दिवस चढला की समुद्रावरून खारे वारे येतात आणि ते ओल घेऊन येतात. वाळत आलेली सोले संध्याकाळी त्या वाऱ्यात राहिली तर पुन्हा ओलसर होतात. सकाळचे मतलई वारे जमिनीवरून येतात आणि कोरडे असतात. हे बोलणे सुरू झाले आणि पुढची चाळीस मिनिटे कोणीही पडद्याकडे पाहिले नाही. एकीने काठीने जमिनीवर खळे काढले, दुसरीने विहिरीच्या जागी करवंटी ठेवली.

पडदा सर्वांना दिसत होता, पण तो सर्वांचा नव्हता. चित्र एकत्र पाहिले म्हणजे समज एकत्र झाली, असे मी इतके दिवस नकळत धरून चालले होते.

९ मार्च २०२४

महाशिवरात्रीमुळे निम्म्या बायका कुणकेश्वरच्या जत्रेला गेल्या होत्या. मुलांनी आराखड्यात खळ्याची जागा, उत्तर दिशा, माडांची सावली आणि हवेची फट दक्षिणेकडे वळवल्याचा बदल भरला. संध्याकाळी फट बंद करण्यासाठी झडप जोडली.

१६ मार्च २०२४

आज संगणक बंदच ठेवला. खोक्यांचा पुठ्ठा, बांबूच्या काठ्या आणि सुतळी घेऊन ड्रायरचा पूर्ण मापाचा नमुना खळ्यात उभा केला. १९८१ ते १९८५ या काळात स्कँडिनेव्हियात यूटोपिया नावाचा एक प्रकल्प झाला. त्यात छापखान्यातील कामगार आणि संशोधक यांनी, अजून हाती न आलेल्या यंत्रांच्या जागी पुठ्ठ्याची खोकी मांडून, त्या यंत्रांवर आपले काम कसे चालेल ते करून पाहिले होते. पुठ्ठा कापायला कोणाला प्रशिक्षण लागत नाही आणि चुकले तर कोणाला वाईट वाटत नाही, हे त्यातले मर्म आहे.

पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ओल्या सालींच्या वजनाची वाळू भरली आणि बायकांना रोजचे काम करायला सांगितले. एका तासात आराखड्याने चार वळणे घेतली. सर्वांत वरचा थर उंच पडला, कारण ट्रे डोक्याच्या वर गेला की रस कोपरापर्यंत ओघळतो. ट्रेची लांबी कमी झाली, कारण रोज दोघी हजर असतीलच असे नाही आणि एकट्या बाईला तो दोन हातांत पेलला पाहिजे. रोज पूट द्यायचे असल्यामुळे ट्रे दिवसातून दोनदा बाहेर निघतात, हे मुलांच्या लक्षात आले. त्यांनी ट्रे हंगामात एकदाच भरायचे असावेत तसे घट्ट बसवले होते. ठिबकणारा रस गोळा करण्यासाठी तळाला उतार आणि नळी हवी, कारण तो रस वाया घालवायचा नसतो, त्याचे आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला अर्क, होते.

वेल्डरनी एक सूचना केली. ट्रेला जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेची जाळी लावली तर स्वस्त पडेल आणि बाजारात लगेच मिळेल. अध्यक्षांनी लगेच मान हलवली. “पत्र्यार सोलां घातली तर काळी पडतत,” असे त्या म्हणाल्या. कोकमाच्या रसात हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असते, वर मीठ घातलेले असते, आणि आम्ल व मीठ मिळून जस्ताचा थर खातात. लाकडी चौकट आणि खाद्यपदार्थांना चालणारी नायलॉनची जाळी असे ठरले. विद्यार्थ्यांपैकी एकीने आराखड्यात जाळीचा प्रकार बदलला. सत्र संपले.

२४ मार्च २०२४

शिमगा. वाडीत आठवडाभर काम होणार नाही.

६ एप्रिल २०२४

आज फार अस्वस्थ होऊन लिहीत आहे. वेल्डरनी पहिले चार ट्रे बनवून आणले आणि त्यांना जस्ताची जाळी होती.

चूक वेल्डरची नव्हती. त्यांना दिलेल्या छापील आराखड्यात तीच जाळी होती. आम्ही आवृत्त्या मागे सरकवून पाहिल्या. १६ मार्चला एका विद्यार्थिनीने नायलॉनची जाळी लिहिली होती. ३० मार्चला दुसऱ्या विद्यार्थ्याने खर्च कमी करण्यासाठी साहित्याची यादी पुन्हा तपासली. नायलॉनची जाळी महाग दिसली आणि ती का घेतली आहे याचा कुठेही उल्लेख नव्हता, म्हणून त्याने जस्ताची घातली. १६ तारखेला तो आजारी असल्याने वाडीत आला नव्हता. गिटने दोन्ही बदल चोख नोंदवले होते : कोणी केला, कधी केला, कोणत्या ओळीत केला. कारण तेवढे नव्हते. ते अध्यक्षांच्या तोंडून निघाले, सर्वांनी ऐकले, सर्वांना पटले, आणि म्हणूनच ते लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

अध्यक्षा रागावल्या नाहीत, पण त्यांचे म्हणणे मनाला लागले. आम्ही बोलतो ते तुम्ही चित्रात घालता, आणि चित्रात गेल्यावर ते आमचे राहत नाही, असे त्या म्हणाल्या. ट्रेच्या चौकटी वाचल्या, जाळी काढावी लागली. गटाच्या पैशातून झालेला तो खर्च प्रकल्पातून भरून दिला.

१० एप्रिल २०२४

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन दिवसभर बसले. प्रश्न एकच होता : आराखड्यात कारण कुठे राहील?

हॉर्स्ट रिटेल यांनी १९७० मध्ये वादाचे मुद्दे नोंदवण्याची एक मांडणी सुचवली होती. तीत प्रत्येक प्रश्न वेगळा लिहायचा, त्याखाली सुचलेली उत्तरे, आणि प्रत्येक उत्तराखाली त्याच्या बाजूचे व विरुद्धचे युक्तिवाद. पुढे १९८८ मध्ये जेफ कॉन्क्लिन आणि मायकेल बेगमन यांनी ती संगणकावर आणली. नगररचनेसारख्या कामांत, जेथे प्रश्न कोणता हेच आधी ठरत नाही, तेथे निर्णयामागचा वाद जपला गेला पाहिजे, असे रिटेल यांना वाटत होते. आमचा ड्रायर नगराएवढा मोठा नाही, पण जाळीच्या प्रकरणात आम्हाला नेमकी तीच गोष्ट कमी पडली होती. विद्यार्थ्यांनी पूर्ण मांडणी ईथरपॅडवर भरून पाहिली आणि ती तासाभरात इतकी फुगली की वाडीत कोणी ती वाचणार नाही हे उघड झाले. मग आम्ही तिचे एकच टोक उचलले. आराखड्याच्या मजकुरात प्रत्येक मापाच्या वर एक ओळ ‘कारण’ या शब्दाने सुरू होईल आणि त्यात ते सांगणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख असेल. कारण नसलेला बदल गिट स्वीकारणार नाही, अशी तपासणी एका विद्यार्थ्याने छोटा प्रोग्राम लिहून बसवली. जाळीच्या ओळीवर आता असे आहे : ‘कारण : जस्ताच्या जाळीवर सोले काळी पडतात, रस आंबट व खारट असल्याने जस्त खातो. सांगितले : अध्यक्षा.’

ही ओळ ज्याने लिहिली तो ३० मार्चचा बदल करणारा विद्यार्थीच होता.

२० एप्रिल २०२४

दहा दिवसांत कारणांच्या ओळी वाढल्या, पण वाचताना त्या पोकळ वाटू लागल्या. ‘कारण : सोयीसाठी.’ ‘कारण : चर्चेनुसार.’ तपासणी पार करण्यापुरते लिहिले जात होते. जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये, गटासाठी बनवलेली साधने का फसतात याचे एक मोठे कारण दाखवून दिले : जास्तीचे काम एकाला करावे लागते आणि फायदा दुसऱ्याला मिळतो. आमच्याकडे हुबेहूब तेच झाले होते. कारण लिहायचे विद्यार्थ्याने, दिवसभराच्या कामानंतर सांगायचे बाईने, आणि उपयोग व्हायचा पुढे कधीतरी आराखडा बदलणाऱ्याला. सांगणारीला त्यातून काहीच मिळत नव्हते.

दोन गोष्टी बदलल्या. पहिली अशी की, कारण लिहून घेण्यासाठी कोणालाही वेगळे बसवायचे नाही. पुठ्ठ्याच्या नमुन्यावर प्रत्येक भागाला अंक आणि क्यूआर कोडचे लेबल चिकटवले. फोन त्यावर धरला की आमच्या छोट्या संगणकावरचे त्या भागाचे पान उघडते. तेथे आधीचे ध्वनिमुद्रण ऐकता येते आणि बटण दाबून आपले सांगता येते. क्यूआर कोड बायकांना नवा नाही. वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे आणि भाजी विकताना पैसे त्यावरूनच येतात. बोलणे मालवणीतच राहते. त्याखाली विद्यार्थी प्रमाण मराठीत सारांश लिहितात, पण मूळ आवाज पुसला जात नाही.

दुसरी गोष्ट गटाने मागितली. प्रत्येक खेपेची नोंद त्याच पानांवरून व्हावी : रातांबे कोणाकडचे, मीठ किती, पुटे किती, किती दिवस लागले. या नोंदीची छापील चिठ्ठी पाकिटाला लावली तर सावंतवाडीच्या आणि गोव्याच्या गिऱ्हाइकाला दाखवता येईल. ही मागणी आल्यावर मला मनापासून बरे वाटले, कारण येथून पुढे नोंद त्यांच्या कामाची झाली.

४ मे २०२४

ड्रायर उभा राहिला. रंगवलेला लोखंडी सांगाडा, आत लाकडी चौकटीचे बारा ट्रे, नायलॉनची जाळी, तळाला काळा पत्रा आणि त्यावर रस पडू नये म्हणून उताराची स्टीलची पन्हळ. क्यूआर कोडची लेबले पुठ्ठ्यावरून काढून खऱ्या भागांवर लावली. पाऊस आणि रस यांत टिकावीत म्हणून ती लॅमिनेट केली.

७ मे २०२४

लोकसभेचे मतदान असल्यामुळे सत्र झाले नाही. रातांबे मात्र थांबत नाहीत, आणि पहिली खेप काल फोडून झाली आहे.

१२ मे २०२४

पहिली खेप बिघडली. पहिल्याच दुपारी आतले तापमान ६० अंशांच्या पुढे गेले. मुलांना आनंद झाला, कारण त्यांच्या गणितात जास्त तापमान म्हणजे लवकर वाळणे होते. साली वरून कडक झाल्या, आतून ओल्या राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी पूट दिले तेव्हा त्यांनी रस धरला नाही. फळे फार वेगाने वाळवली की पृष्ठभागावर घट्ट पापुद्रा बनतो आणि आतली ओल कोंडते, हे अन्नप्रक्रियेतले जुने ज्ञान आहे आणि मी ते आधी सांगायला हवे होते.

मात्र हे ज्ञान आमच्याकडे आधीच होते. संध्याकाळी एका विद्यार्थिनीने मार्चची ध्वनिमुद्रणे ऐकायला घेतली आणि २ मार्चच्या सत्राच्या शेवटी आजींचा आवाज सापडला : “पयल्या दिसा कवळा ऊन होया, दुपारचा नको.” याचा सारांश तेव्हा ‘सुरुवातीला कमी तापमान ठेवावे’ असा लिहिला गेला होता आणि ‘इतर सूचना’ या शीर्षकाखाली जमा झाला होता. आजींनी वेळ सांगितली होती, आम्ही ती काढून टाकली. कोवळे ऊन म्हणजे सकाळचे ऊन, पहिल्या दिवशी तेवढेच, आणि दुपारी टोपल्या पडवीत. कमी म्हणजे किती, हे ‘तापमान’ या शब्दाने सांगितले नाही. ‘कवळा’ या शब्दाने सांगितले होते.

जाळीच्या वेळी कारण नोंदलेलेच नव्हते. या वेळी ते नोंदलेले होते, पण ज्या भागाशी त्याचा संबंध होता त्या भागापाशी नव्हते. ज्या दिवशी ड्रायरची झडप आखली गेली त्या दिवशी ते कोणाच्याही नजरेसमोर येणे शक्य नव्हते.

१५ मे २०२४

तीन दिवस एकच काम केले. फेब्रुवारीपासूनची सगळी ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकली, तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा ड्रायरच्या भागाला जोडला. ‘इतर सूचना’ हे शीर्षकच काढून टाकले. जे बोलणे कोणत्याच भागाला जोडता आले नाही ते गटासमोर पुन्हा ऐकवले, आणि त्यातून दोन नवे भाग निघाले : पहिल्या दिवसासाठी वरच्या प्लास्टिकवर टाकायचा शेडनेटचा पडदा आणि धुराड्याच्या तोंडावरची झडप. हे दोन्ही भाग वेल्डरनी एका दिवसात केले. शेडनेटला अंक १३, झडपेला १४.

१८ मे २०२४

आज शिकणे दोन्ही बाजूंनी झाले, ते सविस्तर लिहिते.

टोरांटोमध्ये मार्लिन स्कार्डामालिया आणि कार्ल बेरायटर यांनी १९८० च्या दशकात शाळेतील मुलांसाठी सामाईक नोंदींची एक संगणकप्रणाली घडवली. तिची एक लकब मी येथे उसनी घेतली आहे. नोंद लिहिताना ‘माझा सिद्धान्त असा आहे’, ‘मला हे समजून घ्यायचे आहे’, ‘नवी माहिती’ अशा सुरुवाती दिलेल्या असतात, म्हणजे लिहिणारा केवळ मत नोंदवत नाही, त्या मताचा दर्जाही सांगतो. आमच्या पानांवर तीन बटणे ठेवली : ‘आमका असा वाटता’, ‘ह्या कळाक नाय’ आणि ‘करून बघितला’. शब्द गटानेच निवडले.

दुसरी बटणे पटापट वापरली गेली, ‘ह्या कळाक नाय’ हे मात्र पहिले तीन दिवस कोणीही दाबले नाही. विद्यार्थ्यांना ते कमीपणाचे वाटत होते आणि बायकांना बाईंसमोर तसे म्हणणे अवघड जात होते. शेवटी ते मीच प्रथम दाबले. सोल वाळले हे बोटाने कसे कळते, ते मला समजत नाही, असे बोलून ठेवले. संध्याकाळपर्यंत त्याखाली सात उत्तरे जमा झाली. एकीने दाबून पाहण्याचे सांगितले, दुसरीने वाकवून. तिसरीचे म्हणणे होते की, बोटाला रंग लागतो पण बोट चिकटत नाही ती वेळ खरी. या सात जणी कित्येक वर्षे शेजारी बसून सोले करत आल्या आहेत, तरी एकमेकींची कसोटी वेगळी आहे हे त्यांना आजच कळले. त्यावर त्यांच्यात जी चर्चा झाली तीत आमच्यापैकी कोणाचाही सहभाग नव्हता.

विद्यार्थ्यांनी मग प्रत्येकीच्या कसोटीला सोल उतरले त्या क्षणी ते वजन करून ठेवले. वजनांत फरक निघाला. जास्त ओल ठेवणाऱ्या दोघींची सोले लवकर विकली जातात, त्यांना टिकावाचा प्रश्न कधी आला नव्हता. आता पावसाळाभर ठेवायची खेप कोणाच्या कसोटीने काढायची हे गटाने स्वतः ठरवले. एक विद्यार्थी तापमापकाचा आकडा वाचून दाखवत होता, तेव्हा आजींनी त्याच्याकडून आर्द्रतेचा आकडा म्हणजे काय ते समजून घेतले आणि लगेच विचारले की, खारे वारे सुरू झाले की हा आकडा चढतो का. दुपारी तो चढला. आजींनी फट स्वतः बंद केली आणि अंक ६ च्या लेबलावर फोन धरून तसे बोलून ठेवले, ‘करून बघितला’ हे बटण दाबून.

२६ मे २०२४

शेजारच्या वाडीतील गटाने आराखडा मागितला. पेनड्राइव्हवर सगळे दिले : मजकूर, चित्रे, आवाज. त्यांचे खळे उताराचे आहे आणि हवा वेगळ्या बाजूने येते, त्यामुळे त्यांच्या मुलाने चार मापे बदलली. ती आमच्या आराखड्यात परत घेताना दोन ठिकाणी भेद आला. ट्रेची लांबी त्यांनी वाढवली आहे, कारण त्यांच्याकडे नेहमी दोघी असतात. आधीची सवय असती तर एकाचे माप बरोबर आणि दुसऱ्याचे चूक असे ठरवून मोकळे झालो असतो. कारणे समोर असल्यामुळे तसे करण्याची वेळ आली नाही. ‘काम करणाऱ्या जणी’ हे नवे चल आराखड्यात घातले आणि लांबी त्यावरून निघेल असे केले. दोन्ही गटांची कारणे त्याच्या वर, एकाखाली एक, आहेत.

८ जून २०२४

पाऊस आला. तळकोकणात या आठवड्यात मॉन्सून पोहोचला आणि उघड्या खळ्यातील सगळ्यांच्या टोपल्या पडवीत गेल्या. ड्रायरमध्ये शेवटच्या खेपेचे चौथे पूट चालू आहे. ढगाळ दिवसांत तो संथ चालतो. आतली हवा बाहेरपेक्षा थोडीच गरम राहते, आणि दोन ट्रेंवर बुरशीचा पांढुरका ठिपका दिसला. ते ट्रे लगेच वेगळे काढले. ढगाळ दिवसांसाठी नारळाच्या सोलट्यांच्या किंवा माडाच्या झावळ्यांच्या जाळाची जोड द्यायची का, यावर वेल्डर आणि मुले यांच्यात मतभेद आहे. धूर सोलांना लागू नये म्हणून हवा नळीतून फिरवून तापवावी लागेल.

आज मी पोहोचण्याआधीच अध्यक्षांनी पन्हळीच्या, म्हणजे अंक ९ च्या, पानावर एक ध्वनिमुद्रण ठेवले होते. पन्हळीच्या सांध्यात रस साचतो, तेथे आंबूस वास येतो आणि ठिपका पडलेले दोन्ही ट्रे त्याच सांध्याच्या वर होते. त्याखाली त्यांनी ‘आमका असा वाटता’ हे बटण निवडले होते, ‘करून बघितला’ नव्हे. सांधा उद्या उघडून धुवायचा, दोन दिवस थांबून पाहायचे आणि मगच बटण बदलायचे, असे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले आहे. मुलांनी उद्याच्या कामाच्या यादीत पहिली ओळ तीच लिहिली.